क्लबहाऊसच्या भिंतीवर तेरावा खिळा

मा. चेअरमन साहेब, सेक्रेटरी साहेब, खजिनदार काका आणि कमिटीतल्या सगळ्या मंडळींना,

स.न.वि.वि.

पत्र खुलं लिहितेय म्हणून रागावू नका. आधी सोसायटीच्या ॲपवर कंप्लेंट टाकली होती, तिथे कॅटेगरी निवडावी लागते, प्लंबिंग, लिफ्ट, पार्किंग, पेट्स आणि अदर्स, मी अदर्स निवडलं, दोन दिवसांनी हिरव्या रंगात "क्लोज्ड" असं आलं. का क्लोज झाली ते कोणी सांगितलं नाही. मग म्हटलं चला, सगळ्यांनाच लिहू, तुम्हालाही आणि २१६ फ्लॅटवाल्यांनाही, कारण शेवटी मी जे मागणार आहे त्याचे पैसे त्यांच्याच मेंटेनन्समधून जाणारेत.

विषय क्लबहाऊसच्या लॉबीत लावलेल्या त्या बारा फ्रेमचा. "एकोणिसाव्या शतकातले थोर महाराष्ट्रीय."

आधी मनापासून सांगते, कल्पना मस्त आहे. घोडबंदर रोडवर नवीन टॉवरच्या लॉबीत बहुतेक ठिकाणी एक कारंजं, एक बुद्ध आणि कोणाला काही न कळणारं एक मॉडर्न पेंटिंग असतं, तिथे आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकर, नाना शंकरशेठ, लोकहितवादी, जोतिराव, सावित्रीबाई, दादाभाई नौरोजी, रानडे, टिळक, आगरकर, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी आणि धोंडो केशव कर्वे अशी ओळीने बसलीयत, आपली मुलं बॅडमिंटनला जाता येता त्यांच्या समोरून जातात, हे छानच आहे. दादाभाई त्यात कसे, असं डी विंगच्या काकांनी उद्घाटनाच्या दिवशी विचारलं होतं, मला विचाराल तर असू देत, मुंबईत वाढलेला माणूस आहे, एल्फिन्स्टनमध्ये प्रोफेसर होता, आपलाच.

माझं भांडण फ्रेमच्या खालच्या पट्टीशी आहे. बारापैकी नऊ जणांच्या खाली "थोर समाजसुधारक" लिहिलंय. टिळकांना "थोर देशभक्त", दादाभाईंना "थोर नेते" आणि आनंदीबाईंना "पहिल्या महिला डॉक्टर". संपलं. उद्घाटनाला माझ्या शेजारी उभी असलेली दुसरीतली मुलगी सगळ्या पट्ट्या एकेक करून मोठ्याने वाचत गेली आणि शेवटी आईला म्हणाली, हे सगळे एकाच कंपनीत होते का?

हसू आलं पण बरोबर आहे तिचं. सगळ्यांचं डेझिग्नेशन सेमच आहे ना. मी तिला सांगायला लागले की अगं नाही, जांभेकर शिकवायचे आणि पेपर काढायचे, १८३२ च्या ६ जानेवारीला त्यांनी "दर्पण" काढला, एका बाजूला मराठी एका बाजूला इंग्रजी असे दोन कॉलम असायचे, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. लोकहितवादी जज्ज होते आणि सरकारी नोकरी सांभाळून "प्रभाकर" मध्ये टोपणनावाने पत्रं लिहायचे, शंभरावर पत्रं, आपल्याच समाजाला वाट्टेल ते बोललेत त्यात. (म्हणजे खुलं पत्र लिहायची आपल्याकडे चांगली पावणेदोनशे वर्षांची सवय आहे, मी काही नवीन करत नाहीये.) जोतिराव फुले बांधकामाचे ठेके घ्यायचे. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. ती म्हणाली मग असं लिहा ना. बस, माझ्या पत्राचा पहिला अर्धा भाग त्या मुलीने एका वाक्यात सांगून टाकलाय.

आता आनंदीबाईंची फ्रेम जरा जवळ जाऊन बघा. जिन्याच्या बाजूची, अकरावी. फोटोच्या उजव्या कडेला कोणाच्या तरी कपड्याचा तुकडा आलाय, बाही असावी तशी. प्रिंटरने नेटवरून फोटो घेतला आणि क्रॉप करताना तेवढं राहिलं. ती बाही केई ओकामीची आहे. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमध्ये तीन विद्यार्थिनींचा एकत्र फोटो काढला होता, डावीकडे साडीतल्या आपल्या आनंदीबाई, मध्ये जपानची केई ओकामी, उजवीकडे सीरियाची सबत इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आपण तो फोटो कापला आणि एकटीला फ्रेममध्ये बसवलं. मला ते बघून इतकं वाईट वाटलं, कारण त्या फोटोतली सगळी मजाच त्या तिघी एकत्र बसल्यात यात आहे ना. आणि आनंदीबाई म्हणजे कोणी लांबच्या नाहीत हो, आपल्या कल्याणच्या. नवव्या वर्षी लग्न, नवरा पोस्टात, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, तिथून डॉक्टर व्हायचं डोक्यात आलं. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची नोकरी ठरलेली होती. पुढच्याच फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. एकाही पेशंटवर इथे उपचार करायला मिळाले नाहीत. "पहिल्या महिला डॉक्टर" या तीन शब्दांत यातलं काय येतं सांगा.

आणि गंमत ऐका. आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई स्वतः फिलाडेल्फियाला हजर होत्या, म्हणजे तुमच्या दहा नंबर आणि अकरा नंबरच्या फ्रेम एकमेकींना ओळखतात. तीन वर्षांनी त्याच तारखेला, ११ मार्च १८८९ ला, रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्या शारदा सदनात गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकायला आली आणि तिच्याशी प्रोफेसर कर्व्यांनी पुनर्विवाह केला, कधी, तर ११ मार्च १८९३. म्हणजे बारा नंबर पण आत आला! हे मला सापडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी नवऱ्याला उठवून सांगितलं, तो म्हणाला सकाळी आठ बाराची गाडी आहे, झोप.

ही माणसं एकमेकांशी बोलत होती, भांडत होती, एकमेकांचे जामीन भरत होती. टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात (कोल्हापूरच्या दिवाणांवर पेपरात टीका केली म्हणून झालेला बदनामीचा खटला) डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, त्या खटल्यात दहा हजारांचा जामीन कोणी दिला असेल, तर जोतिरावांच्या सांगण्यावरून त्यांचे मित्र रामशेठ उरवणे यांनी. पुढे त्याच टिळकांचं आणि फुल्यांच्या मंडळींचं अजिबात पटलं नाही, टिळक-आगरकरांचं तर एकमेकांशीच फाटलं. १८९१ चं संमतीवयाचं बिल (मुलींचं शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा करणारं) आलं तेव्हा टिळक एका बाजूला आणि आगरकर-रानडे दुसऱ्या बाजूला. आपल्या भिंतीवर मात्र सगळे एकाच सोनेरी बॉर्डरमध्ये, एकाच फॉन्टमध्ये, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. मी म्हणत नाही की भांडणं लिहा. पण प्रत्येकाने नेमकं काय केलं याच्या तीन ओळी तरी लिहा. कुठल्या साली, कुठे, काय. थोर आहेत की नाहीत ते वाचणारा ठरवेल, त्याला अक्कल आहे.

इथपर्यंत पत्र सोपं होतं. आता नानांच्या फ्रेमपाशी येते, कारण तिथे गाडी दुसऱ्या रुळावर गेली.

उद्घाटन झालं, समोसे आणि चहा झाला, लोक पांगले, मी फोटो काढायला थांबले होते. आपले गेट नंबर एकचे वॉचमन काका, पांढऱ्या मिशीवाले, आत आले, रिकाम्या प्लेट उचलायला त्यांनाच बोलावलं होतं (तो त्यांचा जॉब आहे का हा वेगळा प्रश्न). नाना शंकरशेठांच्या फ्रेमसमोर थांबले. पट्टी वाचली. मग म्हणाले, मॅडम, हे आमच्या मुरबाडचे. मी म्हटलं हो ना, जन्म मुरबाडचाच, १८०३ चा. त्यांचा चेहरा असा काही खुलला. म्हणाले रेल्वे यांनीच आणली. मी म्हटलं एकट्याने नाही पण त्यांच्याशिवायही नाही, १८४५ पासून ज्या लोकांनी मुंबईत रेल्वेसाठी खटपट केली त्यात नाना पुढे होते, मग १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली, २१ मैल, १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं लावलेली, २१ तोफांची सलामी, आणि ती येऊन थांबली कुठे तर आपल्या ठाण्यात. रोज आपण त्या गाडीला लोंबकळतो आणि शिव्या देतो. शिवाय मुलींची शाळा काढायला स्वतःच्या वाड्यात जागा दिली, १८४९ मध्ये, जेव्हा मुलींच्या शाळेला जागा देणं म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणं होतं. दहावीला संस्कृतमध्ये पहिलं आलं की जी जगन्नाथ शंकरशेठ स्कॉलरशिप मिळते ती पण यांच्याच नावाची.

काका सगळं ऐकत होते. मग म्हणाले, रेल्वे आणली पण मुरबाडला अजून आलेली नाही. कल्याणला उतरायचं आणि एसटी धरायची. मी सहज विचारलं, गावाला कधी जाता मग? म्हणाले गणपतीला गेलो होतो.

गणपतीला! आणि हे फेब्रुवारीत. मी म्हटलं सुट्टीच्या दिवशी जाऊन येता येत नाही का, दीड-दोन तासांचा तर रस्ता आहे. काका प्लेटी एकात एक घालत म्हणाले, मॅडम सुट्टी कुठे आहे आम्हाला.

चेअरमन साहेब, मला खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षं राहतेय मी इथे. रोज "गुड मॉर्निंग काका" म्हणते, दिवाळीला पाकीट देते, पण हा माणूस आठवड्याचे सातही दिवस तिथे असतो हे कधी डोक्यात आलंच नाही, कारण मी जेव्हा बघते तेव्हा तो असतोच, आणि जो असतोच त्याच्या नसण्याचा विचार आपण करत नाही. नंतर बाकीच्यांना विचारलं. बारा गार्ड, सहा दिवसाला सहा रात्रीला, आठ ते आठ. वीकली ऑफ कोणालाच नाही. गावाला जायचं तर आधी सांगायचं, पगार कापून घ्यायचा आणि दुसऱ्याला डबल ड्युटी करायला पटवायचं.

आणि आपण त्यांच्याकडून समोशाच्या प्लेटी उचलून घेत होतो एका रविवारी, थोर समाजसुधारकांच्या फोटोंखाली.

त्या रात्री मला तेरावा माणूस आठवला. तो तुमच्या भिंतीवर नाहीये. नारायण मेघाजी लोखंडे. आता हे नाव ऐकून कमिटीतल्या काहींनी "कोण?" असं म्हटलं असेल तर लाजू नका, मलाही दहा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं, आणि माझे आजोबा तर लालबागला गिरणीत होते. जन्म १८४८, गाव ठाणे. हो, आपलं ठाणे. आपण ज्या शहरात राहतो तिथे जन्मलेला माणूस आपल्या यादीत नाही आणि फिलाडेल्फियाचा फोटो क्रॉप करून आहे.

जॉब काय होता? आधी रेल्वेच्या आणि पोस्टाच्या खात्यात, मग गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे साहेब लोकांत बसणारा पण खिडकीतून कामगार दिसणारा माणूस. जोतिरावांच्या सत्यशोधक समाजातला. १८८० मध्ये नोकरी सोडली आणि "दीनबंधू" हे पत्र मुंबईतून चालवायला घेतलं. मुंबईत तेव्हा गिरण्या होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पहिली कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवला, १८५४ सालची. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, आणि आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता, यंत्रं ज्या दिवशी बंद त्या दिवशी ती पुसायला या. १८८१ चा फॅक्टरी ॲक्ट आला त्यात मुख्यतः लहान मुलांचं थोडं काही होतं, सात वर्षांखालचं मूल ठेवू नका वगैरे. सात! मोठ्यांच्या तासांचं आणि सुट्टीचं काहीच नाही.

मग लोखंड्यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. साडेपाच हजार लोकांनी त्यावर सह्या केल्या. मागण्या पाच होत्या. मी त्या कागदावर उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गेटवर उभी राहून वाचल्या, आणि तुम्हाला खरं सांगते, मला घाम फुटला.

रविवारची सुट्टी. आपल्याकडे नाही, ते झालंच.

दुपारी अर्धा तास विश्रांती. आपल्या सिक्युरिटी रूल्समध्ये लिहिलंय की डेस्क रिकामं दिसता कामा नये. काका डबा खातात तो बूम बॅरिअरच्या खांबाला टेकून, एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात रिमोट, स्विगीवाला आला की घास परत डब्यात. मी मुद्दाम एक दिवस घड्याळ लावून बघितलं, तेवीस मिनिटांत नऊ वेळा उठले.

काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच. म्हणजे साधारण बारा तास. आपलेही बारा. १८८४ मध्ये जी कमीत कमी मागणी होती, ती आपली आत्ताची ड्युटी आहे.

पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. जानेवारीचा पगार एजन्सीने १९ फेब्रुवारीला दिला. आपलं मेंटेनन्स १० तारखेनंतर भरलं तर आपण व्याज लावतो ना?

पाचवी मागणी, कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगार द्यावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. गेल्या जुलैत बेसमेंटच्या रॅम्पवर पाणी झालं होतं तेव्हा तो तरुण गार्ड घसरून पडला, मनगट मोडलं, आठवतंय? दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा होता. आपण व्हॉट्सॲपवर कॉन्ट्रिब्युशन काढलं, ६,४०० रुपये जमले, सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले, आणि तो परत आला की नाही हे आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा अर्ज आहे हो हा. आणि आपल्या गेटवर पाचपैकी जेमतेम एक मागणी पुरी होतेय, तीही काठावर.

लोखंड्यांना पण लगेच काही मिळालं नाही. मालकांचं म्हणणं असं की धंदा बुडेल. आणि गंमत म्हणजे त्या वेळच्या बऱ्याच देशभक्त पेपरवाल्यांनीही फॅक्टरी कायद्याला विरोध केला, त्यांचं म्हणणं की हा इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या कापड गिरणीवाल्यांचा कावा आहे, आपल्या गिरण्या पुढे गेल्यात म्हणून त्यांना पोटात दुखतंय. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, मँचेस्टरवाल्यांना खरंच पोटात दुखत होतं. पण मग त्यात साचे चालवणाऱ्या माणसाची सुट्टी कोणाच्या हिशोबातच नव्हती. लोखंडे सहा वर्षं चिकटून राहिले. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमवले, त्यात दोन बायका उभ्या राहून बोलल्या, गिरणीत काम करणाऱ्या, १८९० साली, भर मैदानात. (त्यांची नावं कुठल्या फ्रेममध्ये लावणार आपण.) आणि १० जून १८९० ला मालकांच्या असोसिएशनने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी ॲक्ट बदलला आणि आठवड्याची सुट्टी कायद्यातच आली. रविवारच का, तर रविवार हा खंडोबाचा वार, कामगारांना देवाचं करायला दिवस हवा, असं लोखंड्यांनी पटवलं असं सांगतात.

त्याच १८९० मध्ये आणखी एक केलंन या माणसाने. मुंबईतल्या न्हावी समाजाची सभा भरवली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांच्याकडून ठरवून घेतलं. म्हणजे सुधारकांनी वीस वर्षं निबंध लिहून जे होत नव्हतं ते वस्तरा ज्याच्या हातात आहे त्यालाच विचारून करायचं. किती साधी आयडिया आहे ही, मला तर हा माणूस याच एका गोष्टीसाठी आवडतो. आणि तुमच्या पाच नंबरच्या फ्रेमशीही त्याचा संबंध आहे, १८९७ च्या प्लेगात लोखंडे मुंबईत रोग्यांची सोय बघत होते, ९ फेब्रुवारीला त्यातच गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई गेल्या, त्याही प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना.

माझ्या आजोबांचा रविवार मला आठवतो. सकाळी दारात पाट टाकून दाढी, अंगाला तेल लावून आंघोळ, मटण आणायला स्वतः जायचे, दुपारी झोप अशी की चाळीतल्या पोरांना ओरडायची परवानगी नाही, आणि संध्याकाळी आजीला घेऊन चौपाटी. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ते मला फक्त चपला काढताना आणि चपला घालताना आठवतात. तो एक दिवस कोणीतरी मागून घेतला होता, हे त्यांना ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही.

आता कमिटीत काय बोललं जाईल ते मला माहितीय, मीही दोन वर्षं कमिटीत होते. पहिलं, गार्ड आपले एम्प्लॉयी नाहीत, एजन्सीचे आहेत. बरोबर. पण कॉन्ट्रॅक्टवर सही आपली आहे आणि कोटेशन मागवताना "सर्वात कमी" हे आपणच निवडलं, कमी रेट आला कारण त्यात रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवरच्याच्या जागी उभा राहणारा बदली गार्ड, धरलेलाच नाहीये. दुसरं, गार्डनाच डबल ड्युटी हवी असते. असेल काहींना, कारण सिंगलमध्ये भागत नाही, पण मी ज्या सात जणांना विचारलं त्यातल्या सहांनी पहिला शब्द "गाव" हा काढला. तिसरं आणि खरं, मेंटेनन्स वाढेल.

तर हिशोब करूनच आणलाय, खजिनदार काका, तपासून घ्या. बारा पोस्ट, सात दिवस, म्हणजे आठवड्याला ८४ ड्युट्या. प्रत्येकाने सहाच करायच्या तर ८४ भागिले ६, चौदा माणसं. म्हणजे दोन रिलीव्हर जास्त लागतील. आत्ताच्या रेटने एका गार्डचं बिलिंग साधारण वीस हजार, दोघांचे चाळीस हजार, भागिले २१६ फ्लॅट, महिन्याला १८५ रुपये. मी ज्या दिवशी हे पत्र लिहायला बसले त्या दिवशी आमच्या घरी जो पिझ्झा आला तो चारशे वीसचा होता, आणि तो वर पाठवायला काकांनीच गेट उघडलं. सगळ्यांना रविवारच द्या असंही मी म्हणत नाही, गेट तर रविवारीही लागतं, आळीपाळीने वार ठरवा, खंडोबा समजून घेईल. पण तो दिवस न मागता मिळायला हवा आणि त्याचा पगार कापायचा नाही.

पुढच्या महिन्यात सिक्युरिटीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होतंय, त्याची मीटिंग १४ तारखेला आहे असं नोटीस बोर्डवर वाचलं. अजेंड्यावर हे चार मुद्दे घ्या: दोन रिलीव्हर, जेवणाचा अर्धा तास (त्या वेळात डेस्कवर दुसरा गार्ड बसेल, तेवढ्यात कोणी किल्ला जिंकून नेत नाही), पगार दहा तारखेच्या आत नाहीतर एजन्सीचं बिल थांबवायचं, आणि इन्शुरन्सचा कागद कमिटीने स्वतः बघायचा.

आणि भिंतीचं. पट्ट्या बदलायच्या असतील तर मजकूर मी लिहून देते, फुकट, बाराच्या बारा, प्रत्येकी तीन ओळी. आनंदीबाईंचा अख्खा फोटो लावा, तिघींचा. माझ्याकडे वेळ आहे आणि ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासून, विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मंडळींनी काढलेलं, एकविशीतला मुलगा होता तेव्हा तो, त्यालाही खरं तर चौदावी फ्रेम द्यायला हवी पण एका वेळी एकच मागते. तेराव्या फ्रेमचा मजकूर तयार आहे:

"नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाणे, १८४८. गिरणीत स्टोअरकीपर, नंतर 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ ते १८९० सहा वर्षं लढून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. प्लेगच्या साथीत रोग्यांसाठी काम करताना मृत्यू, मुंबई, १८९७."

फोटो म्हणून २००५ चं पोस्टाचं तिकीट आहे त्यावरून काढून घेता येईल. कर्व्यांच्या पुढे, फायर एक्स्टिंग्विशरच्या आधी, सव्वीस इंच जागा मोकळी आहे, मी टेप लावून मोजली, बाकीच्या फ्रेम अठराच्या आहेत, आरामात बसते. फ्रेमचा खर्च माझा. ड्रिल मशीन आमच्या घरी आहे. फक्त ते भोक पाडायचं काम मेंटेनन्सच्या मुलाकडून रविवारी करून घेऊ नका, त्यालाही विचारलं, त्यालाही ऑफ नाही, म्हणजे वरचा १८५ चा आकडा थोडा वाढणार आहे, तो हिशोब १४ तारखेला घेऊन येते.

आपली,
बी विंग, अकराव्या मजल्यावरची एक मेंबर

ता.क. काकांना मी विचारलं, हे सगळं लिहू का, तुमचं नाव येणार नाही. म्हणाले लिहा, पण पहिला ऑफ मिळेल तो होळीच्या आसपासचा बघा म्हणावं.